टाकीवरचा दुसरा माणूस

महापालिकेत कुठलं पद ठेवायचं आणि कुठलं काढायचं, हे ती आकड्यांवरून ठरवायची. ‘पाण्याच्या टाकीवर एका पाळीला दोघं कशाला? एक पुरे,’ हा अहवालही तिचाच. आणि टाकीवर होता तिचा सख्खा दादा! तो तेव्हा एवढंच म्हणाला होता, “चिमे, जोडीदार काढलास माझा. आता गप्पा कुणाशी मारू, नळाशी?” तिनं ते हसण्यावारी नेलं. नात्यागोत्यासाठी नियम वाकवायचा नाही, हा तिचा खाक्या.

मागच्या सोमवारी सकाळी दादा टाकीच्या जिन्यावरून घसरला. दुपारच्या पाळीचा माणूस येईपर्यंत कुणाला पत्ताच नव्हता. डॉक्टर म्हणाले, तासाभरात आणला असता तर वाचला असता.

आज त्याच्या रिकाम्या जागेचा फॉर्म तिच्याच टेबलावर आला. साहेब म्हणाले, “राहू द्या, दुसरं कुणी भरेल.” तिनं ऐकलं नाही. ‘किती माणसं हवीत’ या रकान्यात तिनं ‘दोन’ लिहिलं. ‘कारण’ या रकान्यापाशी मात्र हात अडला. आकडे सगळे अजूनही एकाच्याच बाजूचे होते. बऱ्याच वेळानं तिनं लिहिलं, ‘गप्पा मारायला.’