न कापलेले बांबू

समोरचं जुनं गोदाम पाडलं आणि त्या जागेच्या चार कोपऱ्यांत चार उंच बांबू उभे राहिले. टोकांना दोरी आणि दोरीला नारिंगी कापडाच्या रुंद पट्ट्या. आमच्या पालिकेची ही पद्धतच आहे. इमारत किती उंच होणार ते आधी असं बांबू रोवून दाखवायचं आणि मग सुनावणीत लोकांच्या हरकती ऐकायच्या.

तिथे छोट्या, परवडतील अशा भाड्याच्या घरांची इमारत होणार होती आणि आमच्या लेकीनं त्यात नाव नोंदवलं होतं. ती राहते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून कामावर, दोन बस बदलून घरी. आमच्याकडे येते ती रविवारी, तीही घड्याळाकडे बघत. नात तर आल्या आल्या सोफ्यावर झोपून जाते. ही इमारत झाली तर दोघी समोर राहायला येतील, मला दुसरं काही नको होतं.

आणि त्यात खोडा घालायला माझाच नवरा सगळ्यांच्या पुढे. सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली, म्हणून गल्ली ह्यांना फूटपट्टी म्हणते. साधी तसबीर टांगायची तरी भिंतीवर आधी पेन्सिलीनं रेघा मारतात. पट्ट्यांची सावली दुपारी आमच्या गच्चीवर पडायला लागली आणि ह्यांचं डोकं फिरलं. ऊन गेलं, हवा गेली, आता दिवसा दिवे लावा, असं घरोघर सांगत सुटले. लेकीनं समजावून पाहिलं, तर तिला म्हणाले की घर कुठेही घे, माझ्या उन्हात नको. तिनं झोपलेल्या नातीला उठवलं आणि बस गाठायला निघाली. तेव्हापासून मी ह्यांच्याशी चहापुरतंच बोलायला लागले.

सुनावणीत नेमकं माप तोंडावर फेकायचं म्हणून ह्यांनी एक दिवस बांबूची सावली मोजली, शेजारी छत्री उभी करून तिचीही मोजली आणि गणित मांडलं. ते पालिकेनं जागेवर लावलेल्या पाटीवरच्या नकाशाशी काही केल्या जुळेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वय झालं आता, असं मी म्हणालेही. तसे तरातरा बांबू रोवणाऱ्या ठेकेदाराकडे गेले. तो निवांतपणे म्हणाला, नकाशाच्या मापाला बांबू कापायचे असतात खरे, पण एवढे लांब, सरळ बांबू कापायला जिवावर आलं. पुढच्या कामाला लागतात. म्हणजे आख्खी गल्ली ज्याला घाबरली होती, त्यात एक मजला फुकटचा होता.

घरी येऊन हे पलंगाच्या कडेला बसून राहिले.

"गप्प बसलो तर इमारत होत नाही," म्हणाले. "आणि बोललो तर गल्लीला काय तोंड दाखवू?"

"लेकीला काय दाखवणार आहात, तेही ठरवा," मी म्हणाले आणि आत गेले. मला रडूच येत होतं.

सुनावणीला सगळी गल्ली लोटली होती. ह्यांचं नाव पुकारलं तसे हे उठले आणि बांबू एका मजल्यानं उंच आहेत, चुकीच्या मापावर मीच सगळ्यांना घाबरवलं, असं सरळ सांगून टाकलं. एकच कुजबुज उठली. शेजारच्या काकू चिडून म्हणाल्या, म्हणजे आता तुमचं ऊन वाचलं म्हणायचं.

"नाही वाचलं. थंडीत दुपारनंतर सावली येणारच, मोजलीय मी."

"मग तुमची हरकत कायम धरायची का?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"नको. काढून टाका." ह्यांनी मापांचा कागद घडी करून खिशात घातला. "ती सावली माझ्या लेकीच्या घराची असणार आहे."

बांबू कापले गेले, दोरी खाली आली आणि बहुतेकांनी आपापल्या हरकती मागे घेतल्या. काकूंचा राग अजून उतरलेला नाही, पण उतरेल. मंजुरीची पाटी लागली तेव्हा कोणता मजला मागू, असं विचारायला लेकीनं मला फोन केला. ह्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

"दुसरा माग," म्हणाले. "त्याच्या वर नको. मी गच्चीतून हाक मारली तर तुला ऐकू आली पाहिजे."