इन्स्पेक्टर चुकला तेव्हा

गिरगावच्या शकू विजयकर शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून एकाच इन्स्पेक्टरच्या रहस्यकथा वाचत आल्या होत्या. मालिकेतले सगळे भाग वाचून झाले होते, पन्नास वर्षांपूर्वीचा पहिला तेवढा कुठे मिळत नव्हता. तो त्यांच्या सुनेने, देविकाने, दादरच्या एका रद्दीवाल्याकडून शोधून आणला.

पुढे कधीच न चुकणारा हा इन्स्पेक्टर या पहिल्या पुस्तकात चक्क चुकला होता. हातात पुरावा नसताना त्याने खून झाला त्या घरच्या स्वयंपाक्याला खुनी ठरवलं होतं आणि शेवटी त्याच्या दारात जाऊन माफी मागितली होती.

शकूबाईंनी पुस्तक मिटलं. त्यांना त्यांची जुनी विद्यार्थिनी, लालबागची मेघना परब आठवली. गिरणी बंद पडल्यावरही रोज फाटकापाशी जाऊन बसणाऱ्या वडिलांवर तिने आठवीत निबंध लिहिला होता. इतकं चांगलं हिला लिहिताच येणार नाही, असं म्हणून बाईंनी भर वर्गात तिला शून्य दिलं होतं.

चार दिवस चौकशी करून त्यांनी तिचा नंबर मिळवला आणि फोन करून आपली ओळख दिली.

"मेघना, तो निबंध तुझाच होता ना? माझं चुकलं गं."



"शून्याचं एवढं नाही वाटलं, बाई. तुम्ही मला काही विचारलंच नाहीत, त्याचं वाटलं."

"मग आता विचारते. तुझे बाबा तिथे बसून काय करायचे?"

मेघना जराशी हसली आणि सांगू लागली. शकूबाई मध्ये एक शब्दही बोलल्या नाहीत.