माडाचा गूळ

करोनाच्या पहिल्या वर्षी आमच्या कोरगावातली माणसं एकाएकी दयाळू झाली. इतकी, की त्यांच्याकडे बघून मला मळमळायचं. जयरामचंच घ्या. नोकरीत होता तेव्हा चहापाण्याशिवाय कुणाचा कागद टेबलावरून हलला नाही. निवृत्त झाला, टाळेबंदी लागली आणि हा मदत समितीचा अध्यक्ष! तोंडाला मास्क, त्यावर प्लास्टिकचा पडदा, हातात मोजे, मागे मोबाईल धरलेला कुणीतरी. दारात आधी फोटो व्हायचा, मग पिशवी खाली टेकायची. फोटो नीट आला नाही तर पिशवी परत उचलायची आणि परत ठेवायची.

आषाढात शेजारच्या घराला लाल-पांढरी फीत बांधली. तिथे सत्यवती राहते. तिचा मुलगा निहार मुरगावला बंदरात कामाला. पहिलं मूल झालं म्हणून बघायला आला आणि ताप घेऊन आला. त्याला इस्पितळात नेलं. मागे उरल्या सत्यवती, सून गौरवी आणि ते एवढंसं बाळ. गौरवीचं माहेर सावंतवाडीकडचं. गोव्याची हद्द बंद, म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं. तिची आई येणं शक्य नव्हतं, आणि या दोघींनी फितीबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी गावाने रंग दाखवला. मासळीवाली त्यांच्या फाटकापुढून धावत सुटायची. सदाशिवच्या दुकानातून सामान जाईना. म्हणे, पिशवी पोचवायला कुणी तयार नाही. बारशाला ज्यांनी ताटं चाटूनपुसून साफ केली, ते आता रस्त्याच्या पलीकडून जाताना श्वास रोखून धरायचे. मूर्ख कुठले.

मग समिती आली. मी माझ्या पडवीतून बघत होते. जयरामने मोबाईलसमोर पिशवीतली एकेक वस्तू वर धरून दाखवली. गव्हाचं पीठ, चणाडाळ, बटाटे, नूडल्स, बिस्किटं. बाळंतिणीला चणाडाळ आणि बटाटे! अरे, तुझ्या आईने तुला जन्म दिला तेव्हा तिने नूडल्स खाल्ले होते का?

तुम्ही म्हणाल, एवढं कळत होतं तर मीच का नाही काही नेऊन दिलं? तर ऐका.

आमच्या दोन घरांमधल्या कुंपणावर फणसाचं झाड होतं. फणस कुणाचे, यावरून माझ्या नवऱ्याचं आणि तिच्या नवऱ्याचं वाजलं. दोघेही एकसारखे अडाणी. देवळात जाऊन दोघांनी देवापुढे नारळ ठेवला, की या दोन घरांत यापुढे बोलणं नाही, देणं-घेणं नाही. आधी मोडेल त्याच्या घराला दोष. पुढे फणस वादळात आडवा झाला. नवरेही गेले. नारळ तेवढा राहिला. गाऱ्हाणं घालून तो उठवता आला असता, पण त्यासाठी दोघींनी बरोबर देवळात जायला हवं, आणि आधी निरोप पाठवायचा कुणी? मी? आणि तिची मान तर माझ्याहून ताठ. आता देऊळच बंद होतं.

हसायचं तर हसा. मी पोस्टात नोकरी केलेली बाई आहे, पण त्या नारळाला भिते. माझा मुलगा विशाल तेव्हा जहाजावर अडकलेला होता. कुठल्याशा परक्या बंदराबाहेर जहाज नांगरून ठेवलेलं, उतरायची परवानगी नाही, जहाजावरही आजार शिरलेला. दोष लागला तर तो मला थोडाच लागणार होता? घराला लागणार होता, आणि माझं सगळं घर त्या जहाजावर होतं.

बाळ मात्र रडत होतं. सकाळी रडायचं, दुपारी रडायचं. एकदा मी विहिरीवर असताना पलीकडून गौरवीचा आवाज आला, ‘‘आई, दूधच येणां नाय ओ. नुसत्या पेजेन काय व्हतला?’’ सत्यवतीने भांडं जोरात आपटल्याचं तेवढं ऐकू आलं.

मी सदाशिवच्या दुकानात गेले. अळीव, मेथी, नाचणीचं पीठ, गूळ, तूप असं सगळं घेतलं.

‘‘काकी, अळीव कोणाक?’’ त्याने दात काढले.

‘‘माझ्या गुडघ्यांक. तू तुझा वजन बघ.’’

पिशवी घेऊन मी जयरामकडे गेले. समितीने दिलं म्हणजे मी दिलं असं होत नाही, अशी माझी अक्कल. तो हातभर मागे सरकला.

‘‘विनोदिनीबाय, समितीचा सामान ठरलेला आसा. एकाक अळीव दिला तर उद्या सगळे मागतले.’’

‘‘सगळे बाळंत झालेत काय रे गावातले?’’

‘‘नेम म्हणजे नेम. देणगी द्या, तुमचो फोटो घालतंय.’’

त्या फोटोत त्याचंच तोंड जास्त दिसलं असतं. मी पिशवी उचलून चालू लागले.

शेवटी मीच ती फाटकाच्या खांबाला अडकवली. त्यांच्या हातात दिली नाही, उंबऱ्याला पाय लावला नाही, तोंडातून शब्द काढला नाही. देवाला एवढी पळवाट चालेल असं वाटलं. सत्यवतीने दार उघडलं, पिशवी पाहिली, कुंपणापलीकडे मला पाहिलं आणि दार लावून घेतलं.

मला असा संताप आला! पावसाची सर येऊन गेली. पिशवीवर पाणी साचलं. कावळा येऊन चोच मारून गेला. आत बाळ रडतच होतं, आणि आता त्या रडण्यात जोरही राहिला नव्हता. ती का घेत नाही हे मला पुरतं कळत होतं. निहार इस्पितळात प्राणवायूवर होता. तीही त्याच नारळाला भीत होती. मी विशालसाठी आणि ती निहारसाठी, अशा दोन म्हाताऱ्या देवाला घाबरून बसल्या होत्या आणि मधे ते पोर उपाशी होतं. गावाला नावं ठेवणारी मी गावाहून काय वेगळी होते?

मी कुंपणापाशी गेले. मनात म्हटलं, देवा, ऐकायचं तर नीट ऐक. नाव माझं लिही, विशालचं नको. मग जो आवाज काढला तो वरच्या वाड्यापर्यंत गेला असेल.

‘‘सत्यवती! गो दगडा! सुनेक उपाशी मारून कोणाक दाखवतंस? मी बोललंय, नारळ मी मोडलंय, दोष माझ्या घराक. तू सुटलंस! आता ती पिशवी भितर व्हर!’’

तोंडून गेलेला शब्द परत घेता येत नाही. डोळ्यांपुढे जहाज आलं.

दार उघडलं. सत्यवती परत लागलेल्या पावसात तशीच, डोक्यावर काही न घेता फाटकापर्यंत आली. तिने पिशवी काढली. आता ती मोकळी होती. काहीही न बोलता आत गेली असती तर देवाचा हिशेब माझ्याशी होता, तिच्याशी नव्हता; तोंड उघडलं तर मोडण्यात तिचाही वाटा आला. हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. ती वळली, दोन पावलं गेली आणि थांबली. पिशवीत हात घालून तिने गुळाची ढेप बाहेर काढली, हुंगली आणि माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं.

‘‘हो गूळ कसलो? बाळंतिणीक माडाचो काळो गूळ लागता. इतकी वर्सां झाली, तुका अजून बाजार करूंक येणां नाय?’’

बोलायची तिला काही म्हणजे काही गरज नव्हती. तिचा मुलगा तिकडे प्राणवायूवर होता, आणि तरी ती बोलली. माझ्या दोषातला अर्धा तिने उचलून आपल्या घरात नेला, तोही गुळाला नावं ठेवत. एवढं बोलून ती दार लावून आत गेली. थोड्या वेळाने मेथी भाजल्याचा वास आला.

मला रडू आलं, आणि आलं म्हणून राग आला. सदाशिवकडे माडाचा गूळ नसतो. तो मिळतो पार पेडण्याच्या बाजारात. मी सत्यवतीला मनात येतील तेवढ्या शिव्या दिल्या, मास्क लावला, छत्री घेतली आणि गुळाला निघाले.