कर्जमाफीची दुसरी अट

आखातातल्या अम्गरा या औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमध्ये लोखंडाचा कण उडून सलीलचा डावा डोळा गेला, त्याला चार महिने झाले होते. नाशिकला घरी त्यानं ते कळू दिलं नव्हतं.

शुक्रवारी बाबांनी फोनवर राज्याच्या शैक्षणिक कर्जमाफीचे नियम वाचून दाखवले. त्याच्या डिप्लोमाच्या कर्जाला तेच जामीन होते.

"मूळ रहिवासी आपण आहोतच. पण वर एकतर खेड्यात नोकरी हवी, नाहीतर अपंगत्व. म्हणजे आपल्याला काहीच लागू नाही."

सलील म्हणाला, "बाबा, दुसरी अट लागू आहे."



"कुठं लागलंय रे?"

"डोळ्याला."

"अर्जाचं नंतर बघू," बाबा म्हणाले. "तू आधी घरी ये."