लेटी फॅरोची इस्त्री

मी एक जुनी इस्त्री आहे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या वायरवाल्या इस्त्रीशी माझं नातं लावू नका. कोळशाच्या इस्त्रीशीही नको, कारण निखारे ठेवायला माझ्या पोटात जागाच नाही. मी सबंध ओतीव लोखंडाची आहे. खालून चपटी, वर आडवी मूठ आणि पाठीवर सातचा आकडा. मला चुलीवर तापवायचं, कापडावर फिरवायचं आणि गार झाले की पुन्हा चुलीवर ठेवायचं, एवढंच माझं काम.

सध्या मी एल्डरविक गावच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत राहते. माझ्यापुढे माणसं रांग लावतात. साध्या इस्त्रीसाठी रांग कशाला, असं तुम्हाला वाटेल. मी एका बाईचा जीव घेतला, असं त्यांना दीडशे वर्षं सांगितलं गेलं आहे, म्हणून ती येतात.

मी जीव घेतला नाही. लेटीनेही घेतला नाही. मला तोंड नव्हतं. लेटीला होतं, पण तिचं कुणी ऐकलं नाही. म्हणून आज तुम्हाला सगळं सांगते.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. ओल्या वाळूच्या साच्यात लाल रस ओतला आणि थंड झाल्यावर मला बाहेर काढून ठोकलं. दोन बायकांनी फिरत्या दगडावर माझा तळ घासून गुळगुळीत केला. एक घासायची, दुसरी बोट फिरवून बघायची. "हिच्यावरून माशी घसरेल!" ती म्हणाली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. अजून लक्षात आहे.

इस्त्र्या जोडीने विकल्या जायच्या, एक हातात आणि एक चुलीवर. आमची जोडी श्रीमती व्हेनेबल नावाच्या विधवा बाईंच्या घरी आली. घर मोठं, माणसं दोनच. एक बाईसाहेब आणि दुसरी त्यांची मोलकरीण लेटी फॅरो. लेटी दलदलीकडच्या एका खेड्यातून आली होती, वय सतरा. सोमवारी धुणं आणि मंगळवारी इस्त्री हा त्या घरचा नेम. मी तापले की नाही हे बघायला लेटी माझ्या तळावर चक्क थुंकायची. थेंब टुणकन उडाला की म्हणायची, "नाचली गं बया!" आणि कामाला लागायची. काम संपलं की मला पुसून, मेणाचं फडकं फिरवून फळीवर ठेवायची. त्या घरात माझ्यावर गंजाचा ठिपका कधी पडला नाही.

बाईसाहेबांची जीभ तिखट होती. लेटीचीही काही कमी नव्हती. दोघींचं दर मंगळवारी वाजायचं. कधी खळ जास्त झाली म्हणून, कधी चुणी राहिली म्हणून. बाईसाहेब म्हणायच्या, "लेटे, आजच्या आज चालती हो!" लेटी म्हणायची, "कुठली पेटी घेऊन जाऊ, तुमची की माझी?" तासाभराने दोघी एकाच किटलीतला चहा पीत बसायच्या. पण हे आम्हाला ठाऊक. भिंतीपलीकडच्या शेजारीणबाई मिस डनिंग यांना फक्त भांडण ऐकू यायचं. चहा काही ऐकू येत नसतो.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी लेटीच्या हातून बाईसाहेबांची लेसची टोपी करपली. त्या टोपीत त्यांनी नवऱ्याबरोबर शेवटचा फोटो काढला होता.

"जळो तुझी अक्कल!" बाईसाहेब कडाडल्या. "दोन वर्षं झाली, अजून टोपी आणि पोतं यातला फरक कळत नाही!"

"मग करा तुमच्या टोप्या तुम्हीच!" लेटीने मला चुलीवर आपटलं. "माझेही हात भाजतात, त्याची कुणाला पडलीय?"

ती ओल्या चादरींची टोपली उचलून रडत मागच्या अंगणात गेली.

बाईसाहेबांनी करपलेली टोपी उचलून बाजूला ठेवली. मग स्वतःशीच पुटपुटल्या, "भाजतात हात. बोलली नाही कधी मेली." वरच्या फळीवर आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी होती. लेटीचा त्यावर फार जीव. बाईसाहेबांनी खुर्ची ओढली आणि वर चढल्या. बोटं बरणीपर्यंत पोचली नाहीत. त्यांनी टाचा उचलल्या आणि खुर्ची कलली. आधारासाठी त्यांनी हात मारला, तो चुलीच्या कडेवर मला लागला. मी खाली पडले. त्याही पडल्या. चुलीपुढे पितळी कठडा होता आणि त्याच्या कोपऱ्यावर लिंबाएवढा गोळा. त्यांचं डोकं त्या गोळ्यावर आदळलं.

सगळं मिळून एक श्वासभर लागला असेल.

आवाज ऐकून लेटी धावत आली. तिने बाईसाहेबांचं डोकं मांडीवर घेतलं आणि एप्रनने रक्त थोपवू लागली. "बाईसाहेब, उठा. मी नाही जात कुठे. उठा ना!" ती पुन्हापुन्हा म्हणत होती. मिस डनिंग दारात आल्या तेव्हा त्यांना जे दिसलं ते असं: आडवी खुर्ची, रक्ताने भरलेले हात आणि शेजारी पडलेली मी.

मित्रांनो, डोळ्यांनी पाहिलेलं सगळं खरंच असतं, असं नाही. मिस डनिंग खोटं बोलल्या नाहीत. भांडण ऐकलं हे त्यांनी सांगितलं, आणि ते खरं होतं. हात पाहिले हेही खरं होतं. पण मधला भाग त्यांनी मनाने भरला, आणि तोच सगळ्यांना आवडला.

न्यायालयात मला टेबलावर ठेवलं होतं. वकील मला उचलून हवेत फिरवायचा आणि बायका किंचाळायच्या. लेटी एकदाच मोठ्याने बोलली, "अहो, ती गरम होती!" न्यायाधीशांनी तिला गप्प बसवलं. तिला काय म्हणायचं होतं हे तिथे कुणीच समजून घेतलं नाही. वर्तमानपत्रांनी तिला 'एल्डरविकची राक्षसीण' केलं. रस्त्यावर तिच्या नावाची गाणी छापून विकली गेली. फाशीची शिक्षा झाली. मग काही भल्या लोकांनी अर्ज केला, तिचं कोवळं वय पाहिलं गेलं आणि फाशीची जन्मठेप झाली. लेटी तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

तिला तुरुंगात नेलं आणि मला लिलावात.

बॅन्टॉक नावाच्या एका जत्रेवाल्याने मला विकत घेतलं. त्याच्या तंबूत मेणाचे पुतळे होते, सगळे खुनी आणि दरोडेखोर. त्याने लेटीचा पुतळा बनवला. विस्कटलेले केस, बाहेर आलेले दात आणि हातात मी. रंग फिका पडला की एखाद्या सकाळी तो ब्रश घेऊन माझ्या तळाला पुन्हा लाल रंग फासायचा. "या, या! राक्षसीण बघा! हीच ती इस्त्री, हेच ते रक्त!" तो ओरडायचा. पोरं बघून घाबरायची, मोठी माणसं घाबरून हसायची. तंबू गळका होता. रंगाखाली मला गंज चढत गेला. ज्या तळावरून माशी घसरली असती, तो खरखरीत झाला. वीस वर्षं मी गावोगाव फिरले, आणि वीस वर्षांत माझ्यासमोर कुणी कापडाचा साधा तुकडाही धरला नाही.

मग एका उन्हाळ्यात, दुपारची गर्दी ओसरल्यावर, राखाडी कोट घातलेली एक बाई आत आली. चाळिशीची असेल, पण केस पांढरे. ती इतर पुतळ्यांकडे न बघता सरळ माझ्याकडे आली आणि खूप वेळ उभी राहिली.

"काय बाई, भ्यालात?" बॅन्टॉकने विचारलं.

"हिचे दात असे नव्हते," ती म्हणाली.

"तुम्हाला हो काय ठाऊक?"

"ऐकलं होतं कुणाकडून तरी." मग वाकून तिने मला निरखलं. "इस्त्रीला गंज चढलाय. अशी ठेवतात का कुणी वस्तू?" असं म्हणून तिने रुमाल काढला आणि मला पुसायला लागली. तो हात मी ओळखला. लेटी तुरुंगातून सुटून आली होती. वीस वर्षांत खूप खडबडीत झाला होता, पण पुसायची पद्धत तीच होती, टोकापासून मागे, एकाच दिशेने.

"अहो, अहो! रक्त पुसताय माझं!" बॅन्टॉक धावला. "सकाळीच लावलंय!"

लेटी हसली. अगदी थोडं, पण हसली. "माफ करा हं," ती म्हणाली. "मला वाटलं, खरं आहे." रुमालावरचा लाल डाग तिने बघितला, घडी घालून तो खिशात ठेवला आणि ती निघून गेली. पुन्हा आली नाही. बॅन्टॉकने मला परत रंग लावला. आपल्या तंबूत कोण येऊन गेलं हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही.

बॅन्टॉक गेल्यावर त्याच्या पुतळ्यांच्या मेणबत्त्या झाल्या. मी एका खानावळीत दार अडवायला लागले. ते दिवस बरे होते. निदान काहीतरी काम होतं. खानावळ बंद पडली तेव्हा कुणीतरी मला संग्रहालयात दिलं. तिथे तळघरात, खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली मी किती वर्षं होते ते मी मोजलं नाही.

गेल्या वर्षी त्या जुन्या खटल्याचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. रुथ ऑसगुड नावाच्या बाईंनी मला खोक्यातून काढलं. रुथ संग्रहालयात जुन्या वस्तूंची निगा राखतात. त्या शिट्टी वाजवत काम करतात आणि चहाचा कप नको तिथे ठेवतात. त्यांनी कापसाच्या बोळ्याने माझा तळ हळूहळू साफ केला. लाल रंगाचे सोळा थर निघाले. सोळाव्याखाली गंज होता. रक्त कुठेच नव्हतं.

मग रुथ कागदांच्या मागे लागल्या. गावच्या जुन्या डॉक्टरांच्या वहीत त्यांना त्या मंगळवारची नोंद सापडली. जखम लहान आणि गोल आहे, केस किंवा कातडी कुठेही भाजलेली नाही, असं डॉक्टरांनी त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं. ते पान न्यायालयात कधी वाचलंच गेलं नाही.

रुथ ती वही घेऊन संग्रहालयाचे प्रमुख ह्यू यांच्याकडे गेल्या. मी टेबलावरच होते, म्हणून सगळं ऐकलं.

"हे बघा. इस्त्री थेट चुलीवरची. तिने मारलं असतं तर भाजायला नको होतं? आणि हिचा तळ चपटा, जखम गोल. लेटी ओरडून सांगत होती, ती गरम होती म्हणून. हेच सांगत होती बिचारी!"

ह्यूंनी डोकं खाजवलं. "रुथ, फलक छापून झालेत. लोक रक्त बघायला येतात गं, वही बघायला नाही येत."

"मग त्यांना रक्त दाखवू. सोळा थर बाटलीत भरून ठेवलेत मी. 'रक्त, रंगाच्या दुकानातलं' अशी चिठ्ठी लावते."

"चेष्टा नको."

"चेष्टा मी नाही करत आहे. दीडशे वर्षं आपणच करत आलोय."

ह्यू वही घेऊन खिडकीपाशी गेले. ते पान त्यांनी दोनदा वाचलं. शेवटी म्हणाले, "दाराबाहेरच्या फलकावर 'खून' शब्दापुढे प्रश्नचिन्ह टाक. आत काचेजवळ काय लिहायचं ते तूच लिही. पण थोडक्यात."

रुथना याहून जास्त हवं होतं. त्या पाय आपटत गेल्या. पण माझ्याजवळच्या चिठ्ठीवर आता 'खुनाचं हत्यार' असं लिहिलेलं नाही. तिथे लिहिलं आहे: 'इस्त्री. ही लेटी फॅरो वापरत असे.' खाली डॉक्टरांचं पान ठेवलं आहे.

काही लोक चिडतात. परवा एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "म्हणजे खून झालाच नाही? मग पावसात आलो कशाला?" बायको म्हणाली, "तुला कुणाचा तरी खून झालेलाच हवा होता का रे?"

काल पर्ल नावाची एक आठ वर्षांची मुलगी आजोबांबरोबर आली. तिने चिठ्ठी वाचली, पान बघितलं आणि रुथना विचारलं, "लेटी कशी होती?"

दीडशे वर्षांत हजारो लोकांनी माझ्यासमोर प्रश्न विचारले. कसं मारलं, किती घाव घातले, ओरडली का. ती कशी होती, हे कुणीही कधी विचारलं नव्हतं.

रुथ खाली बसल्या. "मला नाही माहीत गं," त्या म्हणाल्या. "तिने लिहिलेलं काहीच उरलं नाही."

मित्रांनो, कुणाबद्दल वाईट ऐकलंत तर लगेच पुढे सांगू नका. आधी पर्लसारखं विचारा. बहुतेक वेळा उत्तर देणारं कुणीतरी अजून जिवंत असतं, आणि त्याला तोंडही असतं. मला तोंड नाही, म्हणून पर्लला मी सांगू शकले नाही. तुम्हाला सांगते.

बाईसाहेबांचे पाय हिवाळ्यात गारठायचे. लेटी संध्याकाळी मला बेताची गरम करायची, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, मग फलालीनच्या कापडात गुंडाळून त्यांच्या पांघरुणात, पायाशी ठेवायची.

"फार गरम नाही ना, बाईसाहेब?" ती विचारायची.

ती अशी होती.