रिकाम्या कप्प्यांची साक्ष

मी गोळ्यांची डबी बोलतेय. सात कप्पे, झाकणांवर सात वार. औषधांच्या दुकानात सूनबाईंनी मला दोनदा उचलून परत ठेवलं आणि तिसऱ्यांदा घेतलं. त्यांचं सगळं असंच. कुलूप लावलं तरी चार वेळा ओढून बघणार.

सासरे शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन. रविवारी बाळाला कडेवर घेऊन सूनबाई माझ्यात त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या भरत. रोज ऑफिसातून आल्या की चप्पल काढायच्या आधी माझं झाकण उघडत. कप्पा रिकामा दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडे. मला केवढा अभिमान वाटायचा.

तपासणीत साखर मात्र चढलेलीच.

"बाबा, चोरून गोड खाता ना?"

"या घरात चोरायला गोड ठेवलंयस कुठे?"

डॉक्टरबाईंपुढे सूनबाईंनी मलाच उघडून दाखवलं. एकही गोळी चुकलेली नाही. डॉक्टरबाईंनी गोळीची ताकद वाढवली. पुढच्या खेपेला पुन्हा वाढवली.

मग एक दिवस सूनबाई रजेवर घरी होत्या. पाण्याचा पेला घेऊन समोर उभ्या राहिल्या. बाबांनी माझ्यातली गोळी गिळली आणि कोट आज द्यायचाय म्हणून न जेवता मशीनवर बसले. दुपारी दरदरून घाम, हात थरथरताहेत, डोकं मशीनवर टेकलेलं. सूनबाईंनी रडत्या बाळाला खाली ठेवून साखरेचं पाणी पाजलं.

"रोजचीच तर गोळी, बाबा. आज काय झालं?"

बाबांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "आज खरंच घेतली."

त्यांनी मशीनचा खण ओढला. पांढऱ्या बटणांत पांढऱ्या गोळ्या, कितीतरी महिन्यांच्या.

"पोट बिघडायचं त्यांनी. गिऱ्हाइकाचं माप अर्धवट टाकून पळावं लागायचं. सुनेला काय सांगणार?"

"आणि मी डबीलाच विचारत बसले," सूनबाई म्हणाल्या. "शहाणी."

माझ्यातून निघालेली गोळी पुढे कुठे जाते, ते मला कधी दिसलंच नाही. रोज माझा कप्पा रिकामा करून बाबांनी मला खोटी साक्षीदार केलं, आणि त्या साक्षीवर त्यांचाच जीव जात होता.

आता डॉक्टरबाईंनी पोटाला सोसणारी गोळी दिलीय. ती सूनबाई हातावर देतात. मी त्या खणात आहे, बटणांनी भरलेली. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिचं झाकण जरूर उघडा. पण त्याआधी माणसाला विचारा, पोट बरं आहे ना?