पुढचा डावा पाय

सुप्याच्या माळावर जत्रेतल्या घोड्यांच्या शर्यती सुरू व्हायच्या आधी तासभर माइक शरिफाच्या हातात असायचा. दोरी बांधून केलेल्या रिंगणात एकेक घोडा फिरवून आणायचा आणि शरिफाने त्याची चाल, छाती, खूर बघून सांगायचं, आज कोण पुढे निघणार आणि कोण अर्ध्यात दमणार. दोन वर्षांत तिने सांगितलेले बहुतेक घोडे आले होते. मोबाईलवर तिचं चॅनल होतं, ‘नालबंदाची लेक’. शर्यतीच्या दिवशी सकाळी ते बघितल्याशिवाय शौकीन माणूस घरातून निघत नसे.

तो नालबंद म्हणजे कमरुद्दीन. नगरमध्ये चाळीस वर्षं त्याने घोड्यांना नाल ठोकले. तीन वर्षांपूर्वी याच माळावर बजरंग औटीचा घोडा भरधाव पळताना कोसळला. स्वाराचा खांदा मोडला आणि घोड्याला तिथेच कायमचं झोपवावं लागलं. बजरंगशेठची हायवेवर दोन हॉटेलं होती, त्यामुळे त्याच्यापुढे कुणी बोलत नसे. त्याने कमरुद्दीनला दंडाला धरून स्टेजवर नेलं, सगळ्या जत्रेदेखत त्याच्या थोबाडीत मारली आणि माइक पुढे धरला. “बोल, नाल ढिला ठोकला, माझी चूक झाली.”

साठीतला कमरुद्दीन खाली बघत तसं बोलला.

मेलेल्या घोड्याचे चारही नाल घट्ट होते. शरिफाने ते स्वतः हाताने हलवून बघितले होते. पण ऐकणार कोण? त्यानंतर कमरुद्दीनकडे घोडा आला नाही. हातोडी, पकड, खुराची सुरी त्याने गोणपाटात बांधून पलंगाखाली सारली आणि घरातही हळू आवाजात बोलू लागला.

शरिफाने मात्र ठरवून टाकलं. सुप्याच्या कारखान्यात ती सहा दिवस माल तपासायचं काम करी आणि रविवारी जिथे शर्यत असेल तिथे जाई. मोबाईलवर घोडे दाखवायचे, अंदाज सांगायचा. ती खोटं कधीच बोलली नाही. पहिल्या वर्षी बजरंगशेठचाच नवा घोडा सगळ्यांत चांगला होता, तर तिने त्यालाच पहिला नंबर दिला, आणि तो आला. बजरंगशेठने तिला फेटा बांधला. “बाप चुकला, पण लेकीची नजर एक नंबर हाय!” असं माइकवर म्हणाला. शरिफा हसली. घरी येऊन तिने फेटा चुलीत घातला.

जत्रेचे सेक्रेटरी शामकांत सर, निवृत्त मास्तर, यांनी मग तिला जत्रेचाच माइक दिला. तिला तेवढंच हवं होतं.

यंदा बजरंगशेठचा घोडा होता ‘सरदार’. जत्रेच्या आदल्या शुक्रवारी बजरंगशेठने त्याचा व्हिडिओ टाकला, गुलाल काय, हलगी काय. शरिफाने तो दहा वेळा बघितला. सरदार पुढचा डावा पाय जरा आखूड टाकत होता. गुडघ्याखालची शीर दुखावलेली असली की घोडा असाच चालतो, हे अब्बांनी तिला लहानपणी शिकवलं होतं. तिने कुणाला काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी माळ माणसांनी फुलला. फायनलला सहा घोडे होते. शरिफाने एकेक करून सांगायला सुरुवात केली. “एक नंबर, देवळाली प्रवराची राणी. सुटताना वीज, पण शेवटच्या शंभर फुटांत मान खाली घालते. दोन नंबर, हिवरे बाजारचा बादल. अंगाने बारीक वाटतोय, पण पाठ बघा त्याची. माझा हात आज याच्यावर.” लोक शिट्ट्या मारत होते. पायांना आधार म्हणून बांधलेल्या पट्ट्या सोडून ती प्रत्येकाचे पाय दाखवत होती. तिसरा घोडाही गेला.

“चार नंबर, सरदार!”

सरदार आला तो ऐटीत. पाय आखूड पडत नव्हता. चारही पाय सारखे. शुक्रवारी दुखत असलेला पाय रविवारी असा कसा चालेल?

“शेठ, घोडा जवळ आणा ना,” ती माइकवर गोड आवाजात म्हणाली. “फायनलचा घोडा हाय, लोकांना नीट दाखवू.”

बजरंगशेठ खूश होऊन पुढे आला. घोड्याचा लगाम त्याच्या मोतद्दाराच्या, घोडा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बन्सीच्या हातात होता. बन्सीने शरिफाकडे बघितलं आणि नजर वळवली.

शरिफा वाकली. डाव्या पायाची पट्टी तिने सोडायला घेतली, तसा बजरंगशेठ ओरडला, “ए, पट्टीला हात नको!”

“का हो शेठ? बाकीच्यांच्या सोडल्या की.”

हजारभर मोबाईल वर झाले होते. बजरंगशेठला थांबवता येईना. पट्टी निघाली. शीर सुजली होती, हाताला गरम लागत होती. शरिफाने अंगठ्याने दाबली, मग जोर लावून दाबली. सरदारने पाय उचलला नाही, कानसुद्धा हलवला नाही. गुडघ्यामागे केस कापलेली रुपयाएवढी जागा होती आणि तिच्यात सुईचा ताजा ठिपका.

ती उभी राहिली. आवाज अजिबात चढवला नाही.

“मंडळी, चार नंबरचा घोडा मी नंबरात धरत नाही. याचा पाय सुजलाय आणि सुई मारून बधिर केलाय. याला पळवला तर पाय मोडेल, आणि वरचा माणूस मरेल. डॉक्टर मॅडम, या जरा.”

जत्रेच्या डॉक्टर लीना मॅडम आल्या. पाय बघितला, ठिपका बघितला आणि सरळ सांगितलं, “घोडा बाद. आणि मी याची लेखी तक्रार करणार आहे.”

बजरंगशेठचं तोंड लाल झालं. “मला काय माहिती? सुई या बन्सीने मारली असंल! काय रं?”

“शेठ,” शरिफाने माइक त्याच्या तोंडापुढे धरला, “तीन वर्षांपूर्वी इथंच माझ्या अब्बांना चूक कबूल करायला लावलीत. तो घोडा कशानं पडला, ते आज तुम्ही सांगा.”

त्याने तिच्यावर हात उगारला. शामकांत सर मधे पडले. तेवढ्यात बन्सीने लगाम दुसऱ्याकडे दिला आणि माइक ओढून घेतला.

“आता माज्यावर ढकलतोय व्हय? तवाबी सुई ह्यानंच आनून दिली हुती, आन आत्ताबी ह्यानंच. नाल ढिला न्हवता. कमरुभाईची काय चूक न्हवती. मी भ्यालो, म्हनून गप बसलो.”

मग कुणीतरी शिट्टी मारली, आणि सगळा माळ ओरडायला लागला. बजरंगशेठ गर्दीतून वाट काढत गाडीकडे निघाला. लोक वाट देत नव्हते. प्रत्येकाला त्याचं तोंड मोबाईलमध्ये घ्यायचं होतं. शरिफाने ते डोळे भरून बघितलं.

गाडी गेल्यावर बन्सी तिच्याजवळ आला. “पोरी, तुला आदीच म्हाईत हुतं?”

“शुक्रवारपासून पाय दुखतोय एवढं कळलं होतं.”

“मंग तवाच का न्हाई बोललीस? जनावराला सुई तरी बसली नसती.”

“बोलले असते, तर त्यानं घोडा घरी ठेवला असता आणि हसत मला चहा पाजला असता.”

सरदारच्या पायावर ओलं फडकं बांधून बन्सी त्याला सावलीला घेऊन गेला. शरिफाला क्षणभर त्या घोड्याकडे बघवेना. पण पस्तावाही झाला नाही.

पुढचे दोन घोडे तिने कसेबसे सांगितले. बादल तिसरा आला, राणी पहिली. तिचा अंदाज साफ चुकला होता, आणि कुणीही तिला त्याबद्दल विचारलं नाही.

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा कमरुद्दीन पलंगावर मोबाईल घेऊन बसला होता. तिला वाटलं होतं, अब्बा रागावतील. ते कधी कुणाचं वाईट चिंतणारे नव्हते.

“अब्बा, बघितलंत?”

“बघितलं.” त्याने मोबाईल तिच्यापुढे केला. “ते बन्सी बोलतो तिथनं परत लाव. मला जमत नाही.”

तिने लावलं. संपलं. “परत,” तो म्हणाला. पाचव्यांदा बघताना त्याने चष्मा पुसला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं, बजरंगशेठ गाडीकडे निघाला होता तिथे.

“इथं थांबव,” तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज मोठा झाला होता. “याचं तोंड मोठं करून दाखव.”